नवे यंत्र आले, अक्षरे मागे राहिली

मेढ्याच्या एका वाचकाने दिवाळीच्या पाडव्याला दुकानात नवा डेस्कटॉप आणला आणि तुळशीचे लग्न लागते न लागते तोच आम्हाला फोन करून विचारले, "साहेब, हा परत देता येईल का?" यंत्रात दोष काहीच नाही. जुन्याला सुरू व्हायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात नव्यावर एखादे पान तयार होईल. तरीही लग्नपत्रिकांच्या ऐन हंगामात त्यांचे सगळे काम टेबलाखाली सरकवलेल्या जुन्या संगणकावरच चालू आहे आणि नवा कापड घालून ठेवला आहे. असे विचारणारे ते एकटे नाहीत. डीटीपी आणि छोटी छपाई करणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांच्या मनात या घडीला हीच चुटपुट आहे. तिला हुरहुर म्हणून सोडून देऊ नये असे आम्हाला वाटते, कारण तिच्या मुळाशी आपल्या धंद्यातला पंचवीस वर्षे टाळलेला एक प्रश्न आहे.

या वर्षी एवढ्या जणांनी एकदम खरेदी का केली ते उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि दिवाळी त्याच आठवड्याला लागून आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्या दुकानांतली बरीचशी यंत्रे त्याआधीची. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, जीएसटीचे विवरण भरले जाते, गिऱ्हाइकांचे ईमेल उघडले जातात, तो बदलणे शहाणपणाचेच होते. पण नुसती पाने लावणारा, नेटला न जोडलेला संगणक १५ ऑक्टोबरच्या सकाळी बंद पडणार नव्हता, आणि नेटवरच्या यंत्रालाही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षेचा पर्याय होता. हे काउंटरवर कुणी समजावून सांगितले असते तर निम्मी खरेदी सावकाश, विचारपूर्वक झाली असती.

आता परतीचे. वस्तू निर्दोष असेल तर केवळ मन बदलले म्हणून ती परत घेण्याचे बंधन दुकानदारावर नसते. दोष निघाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा "धंद्यासाठी घेतलात, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही" असे कुणी सुनावले तर मात्र गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे हे खरे. पण स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला ती अट लागू होत नाही. एकहाती दुकान चालवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

पण समजा, दुकानदार भला निघाला आणि त्याने यंत्र परत घेतले. प्रश्न सुटला का? दुसरे कुठलेही नवे यंत्र आणा, काम तिथेच अडेल.

कुठे अडते ते पाहू. आपल्यापैकी अनेकांचे मराठी सॉफ्टवेअर डोंगलवर चालते, आणि जुना डोंगल बसतो संगणकामागच्या पंचवीस टाचण्यांच्या पॅरलल पोर्टमध्ये. नव्या यंत्राला तो पोर्ट नसतो. बाजारात यूएसबीला पॅरलल जोडणारी केबल मिळते, पण ती प्रिंटरसाठी बनवलेली असते आणि डोंगल तिच्यावर बहुधा ओळखला जात नाही. आत पॅरलल पोर्टचे कार्ड बसवून घेता येते. मग अडचण येते ड्रायव्हरची. विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही आणि ६४ बिटच्या विंडोजला ड्रायव्हरही ६४ बिटचाच लागतो. डोंगल यूएसबीचा असला तरी ही अट सुटत नाही. त्यापुढे इन्स्टॉलर. काही जुने प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचे असतात, पण त्यांना बसवणारा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो, आणि तो ६४ बिटच्या विंडोजवर सुरूच होत नाही. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची आहे. ती कुठे कुठे अजून चालते, पण तिला युनिकोड कळत नाही आणि कधीच कळणार नाही.

इथवरच्या अडचणी यंत्राच्या आहेत. कार्ड, केबल, एखादा जाणकार मेकॅनिक यांनी त्यांतल्या काही दूर होतील. खरी गाठ अक्षरांची आहे.

आपण गेली पंचवीस-तीस वर्षे जे टाइप केले ते पडद्यावर मराठी दिसले, कागदावर मराठी उमटले, पण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतेच. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: कुठे अर्धा स, कुठे काना, कुठे वेलांटीचा नुसता आकडा. फॉन्ट काढून घेतला की खाली उरतो तो इंग्रजी चिन्हांचा गाळ, जो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअरची जागावाटणी निराळी. श्रीलिपीत केलेला मजकूर कृतिदेवमध्ये वाचता येत नाही, कृतिदेवचा डीव्हीबीटीटी सुरेखमध्ये येत नाही. यासाठी कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळचे विंडोज देवनागरीची जोडाक्षरे स्वतः जुळवत नव्हते, हाताशी जागा होत्या २५६ च्या आत, आणि गिऱ्हाइकाला पत्रिका उद्या हवी होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आणि तिच्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. पण जोडाक्षरे नीट जुळवणारे विंडोज आपल्या टेबलावर यायला २००० साल उजाडले. तोवर आपली बोटे आणि आपल्या फायली दोन्ही जुन्या वाटेला लागल्या होत्या.

त्यानंतरची पंचवीस वर्षे मात्र आपण कारण सांगू शकत नाही.

या फायलींची किंमत काय, हे मेढ्यासारख्या गावात बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घ्या. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणून ऑगस्टपासून अहवालांची झुंबड उडते, आणि प्रत्येक अहवाल म्हणजे गेल्या वर्षीची फाइल उघडून आकडे बदलणे. सभासदांची नावे, पोटनियमांतल्या दुरुस्त्या, ताळेबंदाचे तक्ते, सगळे तयार असते म्हणून तर तो त्या दरात परवडतो. जत्रेच्या पत्रिकेचेही तेच. मेढ्याच्या जावळी तालुक्यातल्या कितीतरी घरांचा एक पाय मुंबईत. गावच्या आणि मुंबईच्या मंडळांची, देणगीदारांची नावे गेल्या वर्षीच्या क्रमाने आली नाहीत तर भांडण थेट दुकानाच्या दारात येते. ग्रामपंचायतीच्या नोटिसा, शाळांची प्रमाणपत्रे, दूध संस्थेची पावती पुस्तके. ही सगळी पुंजी जुन्या यंत्राच्या हार्ड डिस्कवर जुन्या कोडात पडून आहे. नवा डेस्कटॉप ती वाचू शकत नाही, म्हणून तो परका वाटतो.

खिळे जुळवणाऱ्या पिढीला हा पेच पडला नसता. फर्मा छापून झाला की तो मोडायचा आणि खिळे पुन्हा केसमध्ये भरायचे. जुळणी राखून ठेवण्याची ऐपत क्वचितच कुणाला असे. मजकूर टिकायचा तो छापील कागदावर. संगणकाने आपल्याला जुळणी राखून ठेवायची सवय लावली आणि आपण धरून चाललो की फाइल आहे म्हणजे मजकूर सुरक्षित आहे. मेढ्यापासून फार दूर नसलेल्या वाईत मराठी विश्वकोशाचे मोठे काम झाले. पहिला खंड १९७६ चा, कागदावरचा. तो मजकूर पुढे युनिकोडमध्ये संकेतस्थळावर आला, म्हणून आज जावळीतल्याच केळघरचा विद्यार्थी मोबाइलवर हवी ती नोंद शोधून काढतो. तुमच्या आमच्या दुकानातला २०१० चा अहवाल मात्र त्याच दुकानातल्या नव्या संगणकावर शोधता येत नाही.

आणि उलट दिशेने काय चालले आहे पाहा. गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर आता व्हॉट्सॲपवर पाठवते. तो युनिकोडमध्ये असतो, पाठवणाऱ्याने दोनदा वाचलेला असतो. आपण तो कागदावर उतरवतो किंवा मोबाइल समोर ठेवतो आणि जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करतो. त्यात 'शिंदे' चे 'शिदे' होते, तारीख चुकते, आणि पाचशे पत्रिका पुन्हा छापून द्याव्या लागतात. आयता आलेला बिनचूक मजकूर हाताने चुकवण्याचे हे काम आपण किती दिवस करणार?

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नवे यंत्र परत देऊ नका आणि जुने भंगारात घालू नका. या दोघांच्या मधल्या काळात फायली हलवून घ्या.

जुना संगणक नेटपासून तोडा आणि त्याला एकच काम द्या: मजकूर बाहेर काढण्याचे. पहिल्यांदा प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवा, म्हणजे पान कसे दिसत होते याचा पुरावा राहील. मग मजकूर साध्या टेक्स्टमध्ये काढून युनिकोडमध्ये बदला. त्यासाठीचे रूपांतरक मिळतात, काही मोफत आहेत. पण ज्या फॉन्टसाठी रूपांतरक बनला आहे त्याच फॉन्टचा मजकूर त्यात घाला, कारण श्रीलिपीतल्या श्रीलिपीतही फॉन्टमालिकांप्रमाणे कोड बदलतात. सगळ्या हार्ड डिस्कला एकदम हात घालू नका. चैत्र-वैशाखातल्या जत्रा आधी येतात, त्यांच्या पत्रिका पहिल्या घ्या, मग येत्या सप्टेंबरात लागणारे अहवाल. जुन्या लग्नपत्रिका तशाच राहू द्या. त्या पुन्हा कुणी मागत नाही.

रूपांतर झाल्यावर प्रूफ वाचावेच लागते, आणि कुठे नजर ठेवायची ते ठरलेले आहे. जुन्या कोडात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार जुन्यात अक्षराच्या मागून येतो, युनिकोडमध्ये र आधी. ही अदलाबदल रूपांतरक करतो. पण जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की तो अडखळतो. 'आर्थिक', 'वार्षिक', 'मार्गदर्शिका' हे शब्द प्रत्येक अहवालात असतात, तेच आधी शोधून पाहा. 'कऱ्हाड', 'वऱ्हाड', 'सुऱ्या' यांतला र नेहमी बिघडतो. 'बँक' हेही तपासा, आणि 'ॲड.' तर नक्कीच: मराठीचा 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुने रूपांतरक त्या जागी भलतेच काही बसवतात. आकडे देवनागरी की इंग्रजी हे ताळेबंदाच्या तक्त्यात एकदा ठरवून टाका.

युनिकोडविरुद्धच्या तक्रारी आम्हाला ठाऊक आहेत आणि त्या पोकळ नाहीत. पत्रिकेच्या मथळ्याला लागणारे सुलेखनाचे जेवढे वळणदार फॉन्ट जुन्या संचांत आहेत तेवढे युनिकोडमध्ये अजून सहज मिळत नाहीत. कित्येक मोफत फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि मराठी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना ते खटकतात. जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड मजकूर विस्कटतो. बोटांना सवय रेमिंग्टनची आणि विंडोज आयते देते ते इनस्क्रिप्ट. पण यांतल्या बहुतेकांना आता वाट आहे. मथळा जुन्या फॉन्टमध्ये करून कर्व्हमध्ये बदलून घ्या; मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. मुक्ता, बलू यांसारखे फॉन्ट मोफत आहेत, आणि राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा खास मराठी वळणाचा आहे. इनडिझाइन घेणे परवडत नसेल तर स्क्रायबस आणि इंकस्केप मोफत आहेत आणि त्यांच्या आजच्या आवृत्त्या देवनागरी नीट जुळवतात. रेमिंग्टनच्या पद्धतीने युनिकोड टाइप करून देणारे कळफलकही मिळतात, तेव्हा पन्नाशीतल्या ऑपरेटरला पहिल्यापासून शिकायला लावण्याची गरज नाही. जुन्या विंडोजला नव्या यंत्रात आभासी संगणक म्हणून चालवण्याचा मार्ग काही जण सुचवतात. यूएसबी डोंगल असेल तर तो जमतोही. जुना संगणक अचानक बसला तर तात्पुरती सोय म्हणून तो ठीक. त्यावरच मुक्काम ठोकू नये.

ज्यांची खरेदी व्हायची आहे त्यांनी दुकानात जाताना आपली सर्वांत जुनी, सर्वांत गुंतागुंतीची फाइल आणि डोंगल सोबत न्यावा, आणि पैसे देण्याआधी ती तिथे उघडून पाहावी. ग्राफिक कार्डवर खर्च करू नका. एसएसडी, १६ जीबी रॅम आणि चांगला मॉनिटर यांत पैसा घाला. पावसाळ्यात चार चार तास वीज जाणाऱ्या भागात यूपीएस त्याच बिलात घ्या.

मेढ्याच्या वाचकाला आम्ही हेच सांगितले. त्यांनी एका पतसंस्थेच्या अहवालापासून सुरुवात केली आहे आणि रूपांतरात बिघडलेल्या शब्दांची यादी आम्हाला पाठवायचे कबूल केले आहे. तुम्हीही पाठवा: कोणता फॉन्ट, कोणता शब्द, काय झाले. पुढच्या अंकापासून फॉन्टवार अशा याद्या या मासिकात छापायला घेत आहोत, म्हणजे एकाने शोधलेली चूक दुसऱ्याला पुन्हा शोधावी लागणार नाही.