आरोपीला बोलू द्या

आमच्या कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी रॅपची अंत्ययात्रा निघते. कुणीतरी एखाद्या विशीतल्या रॅपरचा व्हिडिओ टाकतो, आणि मग एकेक कर्नलसाहेब खांदा द्यायला हजर होतात. "हे काय गाणं आहे? शब्द तरी कळतात का? टुपॅक गेला, बिगी गेला, त्यांच्याबरोबर रॅपही गेलं." मग कुणीतरी 'इलमॅटिक'ची लिंक चिकटवतो, सगळे अंगठे वर करतात आणि मंडळी आपापल्या फायलींकडे वळतात.

आजचा लेख या खांदेकऱ्यांसाठी. मी त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच कॅसेटींवर वाढलेला. आम्ही एनडीएत होतो तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. रविवारी लिबर्टी मिळाली की पुण्यातून एखादी कॅसेट यायची आणि स्क्वाड्रनभर फिरून पट्टी घासली जाईपर्यंत वाजायची. त्यामुळे हा कुणी बाहेरचा माणूस बोलतोय असं समजू नका.

नवं रॅप आवडत नाही, एवढंच कुणी म्हणत असेल तर माझी काही तक्रार नाही. आवड हुकमाने येत नाही. माझी तक्रार निकालाबद्दल आहे. "मला आवडत नाही" आणि "ते टाकाऊ आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं बोलायला फक्त कान लागतात, दुसरं बोलायला पुरावा लागतो. फौजेत साध्या शिपायावर आरोप असला तरी आर्मी रूल २२ प्रमाणे सुनावणी होते. ती त्याच्यासमोर होते आणि साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची त्याला पूर्ण मुभा असते. हीच सुनावणी नव्या रॅपला द्या. आरोप चार आहेत, एकेक करून घेऊ.

आरोप पहिला: पोरं पुटपुटतात, शब्द कळत नाहीत.

१९८६ साली रकीम नावाचा एक मुलगा क्वीन्सब्रिजला मार्ली मार्लच्या घरी 'एरिक बी. इज प्रेसिडेंट' रेकॉर्ड करत होता. तेव्हाचे रॅपर जोरात, जवळजवळ ओरडूनच म्हणायचे. हा मात्र सोफ्यावर बसल्यासारखा शांतपणे म्हणत होता. तिथल्या मंडळींनी त्याला सांगितलं की जरा जोर लाव, अंगात दम आण. त्याने ऐकलं नाही. आज आपण त्यालाच रॅपच्या लयीचा गुरू मानतो. म्हणजे आळसट आवाजाचा आरोप जुनाच आहे आणि पहिल्या आरोपींमध्ये आपलं दैवतच होतं.

आणि शब्द कळण्याचं म्हणाल, तर आपल्याला तेव्हा काय कळत होतं? वू-टँग क्लॅनचा १९९३ चा अल्बम पहिल्यांदा ऐकून सातारा, रोहतक किंवा पलक्कडहून आलेल्या किती कॅडेट्सना स्टेटन आयलंडची बोली समजली? कॅसेट मागे फिरवून, पुन्हा ऐकून, वहीत शब्द उतरवून आपण ती शिकलो. त्या मेहनतीला आपण तेव्हा छंद म्हणत होतो. आज तेवढी मेहनत घ्यायची तयारी नाही, तर गायकाची जीभ जड आहे म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

आरोप दुसरा: सगळं एकसारखं वाजतं. तोच ठेका, तीच टिकटिक.

ज्या यंत्राच्या आवाजाला नावं ठेवताय ते रोलंड टीआर-८०८, १९८० ते १९८३ या काळात बनलेलं. 'प्लॅनेट रॉक' १९८२ साली त्याच्यावरच उभं राहिलं. आज ट्रॅपमध्ये जी तीन-तीन अक्षरांची धाव ऐकू येते, आपला तबलजी जिला तिस्र जाती म्हणेल, ती नव्वदच्या दशकात मेम्फिसला थ्री सिक्स माफिया वापरत होते. पुढे २०१३ मध्ये मीगोसने तीच घराघरांत नेली. सामान जुनंच आहे, फक्त ते न्यूयॉर्कचं नाही. आपल्या पिढीचा कान न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिसच्या बाहेर कधी गेलाच नाही, म्हणून दक्षिणेचं रॅप आपल्याला परकं वाटतं.

जुन्या गाण्यांत ते शेकडो तुकड्यांचं गोधडीकाम असायचं, ते का थांबलं हेही कधी विचारलंय? पब्लिक एनिमी, डी ला सोल, बीस्टी बॉइज यांचे १९८८-८९ चे अल्बम म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून कापलेल्या तुकड्यांची शिवण. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला आणि न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलच्या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी काढायची, प्रत्येकाचे पैसे मोजायचे. शेकडो तुकड्यांची गोधडी शिवणं परवडेनासं झालं. जे बदललं त्यात वकिलांचा वाटा आहे, पोरांच्या आळसाचा नाही.

आरोप तिसरा: नुसता पैसा, बंदुका आणि नशा. संदेश कुठे आहे?

हे वाचून मला हसू येतं. डॉ. ड्रेच्या १९९२ च्या अल्बमचं नावच गांजावरून ठेवलेलं आहे. बिगीचं 'रेडी टू डाय' म्हणजे काय हरिपाठ आहे का? त्यातली बंदूक आपल्याला 'वास्तव' वाटायची आणि आजच्या पोराची बंदूक 'अधःपतन' वाटते. फरक बंदुकीत नाही.

काळ ही मोठी चाळणी आहे. १९९० म्हटलं की आपल्याला पब्लिक एनिमीचं 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट' आठवतं. पण त्या वर्षी बिलबोर्ड हॉट १०० वर पहिल्या क्रमांकावर पोचलेलं पहिलं हिप हॉप गाणं व्हॅनिला आइसचं होतं, आणि अल्बमच्या यादीत आठवड्यांमागून आठवडे एम. सी. हॅमर बसला होता. ते आपण सोयीने विसरलो. आपण तेव्हाचं गाळलेलं आणि आजचं न गाळलेलं एकमेकांशेजारी ठेवून वजन करतोय. हा तराजू खोटा आहे.

आणि संदेशच हवा असेल तर २०१८ चं पुलित्झर पारितोषिक केंड्रिक लमारच्या 'डॅम'ला मिळालं. त्याआधी ते शास्त्रीय संगीत आणि जॅझच्या बाहेर कधी गेलं नव्हतं.

याहून महत्त्वाचं उदाहरण २०१७ चं आहे. लॉजिक नावाच्या रॅपरने एक गाणं केलं, '१-८००-२७३-८२५५'. हा अमेरिकेच्या आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचा तेव्हाचा नंबर. आमच्या ग्रुपवर लॉजिकला कुणी दहापैकी चारही गुण देणार नाही. पण २०२१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला. गाण्याकडे लोकांचं सर्वाधिक लक्ष होतं त्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा सुमारे ९,९१५ फोन जास्त आले आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे २४५ ने कमी झाल्या. गाण्यामुळेच हे झालं असं संशोधक ठामपणे म्हणत नाहीत, संबंध दाखवतात. तरीही, आपल्या कोणत्या लाडक्या अल्बमच्या नावावर असा आकडा आहे ते मला दाखवा.

आरोप चौथा: पूर्वी सुवर्णकाळ होता, आता सगळं संपलं.

रॅपच्या मृत्यूच्या दाखल्यांची फाइल बरीच जाड आहे. कॉमनने रॅप बिघडल्याचं दुःख 'आय यूज्ड टू लव्ह एच.ई.आर.'मध्ये मांडलं ते १९९४ साली. म्हणजे ज्या वर्षी 'इलमॅटिक' आणि 'रेडी टू डाय' आले, जे वर्ष आपण शिखर मानतो, त्याच वर्षी! डी ला सोलची तक्रार १९९६ ची. नॅसने तर २००६ मध्ये अल्बमचं नावच 'हिप हॉप इज डेड' ठेवलं. आणि मेल्याचं जाहीर करणाऱ्या त्याच नॅसला पहिलं ग्रॅमी २०२१ मध्ये मिळालं, 'किंग्ज डिसीज'साठी.

१९९५ च्या सोर्स अवॉर्ड्समध्ये अटलांटाच्या आउटकास्टला नवोदितांचं पारितोषिक मिळालं, तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. ते प्रेक्षक हिप हॉपचे अस्सल चाहते होते, अगदी आपल्यासारखे. नऊ वर्षांनी त्याच आउटकास्टने अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी घेतलं. निष्ठावंत चाहत्याचा कान असा चुकू शकतो, हे तिथे हजारोंच्या साक्षीने सिद्ध झालेलं आहे.

आता फिर्यादीच्या बाजूचं खरं तेही सांगतो, कारण सुनावणी एकतर्फी नको. स्ट्रीमिंगने गाण्याचं नुकसान केलं आहे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की त्याची मोजणी होते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळं उधळायचं आणि दोन मिनिटांत गाशा गुंडाळायचा. २०१६ पासून अमेरिकेत गोल्ड-प्लॅटिनमच्या हिशोबात १,५०० वेळा गाणी वाजली की एक अल्बम विकला असं धरतात. मग ड्रेकच्या 'स्कॉर्पियन'मध्ये २५ गाणी येतात आणि मीगोसच्या 'कल्चर टू'मध्ये २४, ज्यातली निम्मी भरताड. हा आरोप मला मान्य आहे. पण त्यात आरोपी दुकानदार आहे. दुकानाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या कारागिरांना फाशी द्यायची नसते.

दुसरी खरी गोष्ट आपल्याबद्दलची आहे. होलब्रुक आणि शिंडलर या दोन अभ्यासकांनी १९८९ मध्ये दाखवलं की माणसाला सर्वांत जास्त आवडणारी गाणी साधारणपणे तो तेवीस-चोवीस वर्षांचा असतानाची असतात. आपण तेविसाव्या वर्षी नवे लेफ्टनंट होतो. पाठीला त्रास नव्हता, ईएमआय नव्हता, मुलांची ॲडमिशन नव्हती. ते दिवस परत यावेत असं वाटणं साहजिक आहे. पण ते दिवस नेले ते वयाने. त्याची नुकसानभरपाई अटलांटाच्या एखाद्या वीस वर्षांच्या पोराकडून वसूल करू नका. आउटकास्टच्याच आंद्रे ३००० ने २०२३ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बासरीचा अल्बम काढला. या वयात रॅप करण्याजोगं आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला. पोरांना शिव्या दिल्या नाहीत.

कुणी म्हणेल, कर्नल, गाण्यावरून एवढं का तापायचं? कारण सांगतो. आपल्या हाताखाली वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत. बॅरॅकमधून जे ऐकू येतं ते पंजाबी असतं, हरियाणवी असतं, मराठी असतं, ईशान्येत पोस्टिंग असताना खासी रॅपही ऐकलं. आपण मेसमध्ये एखाद्या लेफ्टनंटला "क्या बकवास सुनते हो" म्हणालो की तो वाद घालत नाही. "येस सर" म्हणतो आणि इअरफोन खिशात टाकतो. फौजेत "येस सर" इतकं स्वस्त दुसरं काही नाही. आपल्याला वाटतं, जिंकलो. प्रत्यक्षात त्याने एक दार लावून घेतलेलं असतं. सैनिक संमेलनात "कोई तकलीफ?" विचारलं की तीनशे माणसं "नहीं साहब" म्हणतात. ज्या पोराला झोप येत नाही, घरच्या फोनची धास्ती वाटते, तो ते संमेलनात सांगणार नाही. पण रात्री तो जे गाणं पुन्हापुन्हा लावतो त्यात ते असू शकतं. ते गाणं ऐकायच्या आधीच आपण कचऱ्यात टाकलं, तर त्या पोराची एक खबर आपणच बंद केली.

आणि मराठी माणसाने तरी रॅपच्या नव्या रूपाला घाबरायचं कारण नाही. कलगी आणि तुऱ्याचे शाहीर फडावर एकमेकांना कूट घालत, सवाल-जबाबात रात्र उजाडायची. २०२४ मध्ये केंड्रिक आणि ड्रेक एकमेकांवर गाण्यांमागून गाणी सोडत होते, तेव्हा आपल्या पणज्याला तो फड लगेच ओळखू आला असता. भाषा मात्र शिकावी लागली असती.

म्हणून ग्रुपवरच्या मित्रांना एवढीच विनंती. डोईचीचा 'ॲलिगेटर बाइट्स नेव्हर हील' घ्या, रॅप्सडीचा 'लैलाज विझडम' घ्या, जुन्या चवीचं हवं असेल तर फ्रेडी गिब्ज आणि मॅडलिबचा 'बँडाना' घ्या. यातला एक अल्बम, शब्द समोर ठेवून, तीनदा ऐका. १९९९ मध्ये ऐकायचात तसा, मध्ये फोन न बघता. तरी आवडला नाही तर ग्रुपवर लिहा, "ऐकला, आवडला नाही." त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही.

आणि युनिटमधल्या एखाद्या पोराला विचारा, सध्या काय ऐकतोस. पहिल्यांदा तो म्हणेल, "कुछ खास नहीं, साहब." लगेच निघू नका. तिथेच थोडा वेळ उभे राहा.