टणक धमन्या आणि अपुरी दरमर्यादा

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर करीत धुळ्याकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, त्या कडोदऱ्यात कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांच्या आधाराने राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांतील एखाद्या कर्त्या माणसाची हृदयधमनी मधुमेहाने व तंबाखूने नुसती अरुंदच नव्हे, तर कॅल्शियमच्या थरांनी टणक झाली असेल, तर त्याच्या उपचाराचा भार कोणी उचलावा, या प्रश्नाचे आपले उत्तर अद्याप अर्धेच आहे, असे मला वाटते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये व औषधवेष्टित स्टेंटची २९,६०० रुपये ठरविली, हा निर्णय निःसंशय लोकहिताचा होता. परंतु टणक धमनीत स्टेंट बसविणे हे काम शेवटचे असते. कॅल्शियमचे कडे आधी फोडल्यावाचून तो बसविला, तर तो पुरता उलगडत नाही, आणि अर्धवट उलगडलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा व धमनी पुन्हा आकुंचित होण्याचा धोका वाढतो. हे कडे फोडण्याचे एक साधन म्हणजे रोटाब्लेटर: जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाचे, पुढील अर्ध्या भागावर सूक्ष्म हिरकण्या जडविलेले धातूचे टोक, जे मिनिटास सुमारे दीड लाख फेरे घेत कठीण थर झिजविते आणि लवचिक भित्तीला मात्र सहसा इजा करीत नाही. दुसऱ्या पद्धतीत, मुतखडा फोडण्यासाठी ज्यांचा उपयोग होतो तशाच ध्वनिलहरी धमनीत सरकविलेल्या फुग्यातून सोडून कॅल्शियमला तडे पाडतात. हा फुगा एका रुग्णापुरताच वापरायचा असतो, आणि त्याची किंमत स्टेंटच्या कमाल किमतीच्या कितीतरी पट असते. दरमर्यादेचा तो हुकूम ना या फुग्यास लागू आहे, ना त्या हिरकणीच्या टोकास.

जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरतेत हिऱ्यांसाठी लेसर यंत्रे घडविणाऱ्या सहजानंद समूहातूनच स्टेंट बनविणारी कंपनी उभी राहिली, हा इतिहास ध्यानी घेतला, तर ही साधने कायम परदेशातूनच आणली पाहिजेत, हे मला मुळीच मान्य नाही. सरकारने संशोधनास द्रव्यसाहाय्य द्यावे, या साधनांनाही दरमर्यादा लावावी, आणि आयुष्मान योजनेतील मोबदला ठरविताना धमनीच्या आतून चित्रण करणाऱ्या तपासणीचा खर्चही हिशेबात धरावा. कारण कॅल्शियम किती खोल आहे, हे त्या चित्रणावाचून नेमके कळत नाही. अर्थात प्रत्येकास हाच उपाय योग्य असे नव्हे. मधुमेही रुग्णाच्या अनेक धमन्या अरुंद झाल्या असतील, तर बायपास पुष्कळदा अधिक हितकर ठरते, आणि हा सल्ला त्यास शस्त्रक्रियेपूर्वी मातृभाषेत मिळावयास हवा.

राहता राहिला कागदपत्रांचा प्रश्न. ज्याची शिधापत्रिका धुळे वा नंदुरबार जिल्ह्यातली आणि चाकरी कडोदऱ्याच्या पलसाणा तालुक्यातली, अशा माणसाच्या नातेवाइकांना, छातीत कळ आलेली असताना, दोन राज्यांच्या दफ्तरांत खेटे घालावे लागू नयेत. आयुष्मान कार्ड परराज्यातही चालते, तर त्याची शहानिशा करणारा मराठी जाणणारा कारकून सुरतेच्या सरकारी इस्पितळात रात्रीच्या पाळीसही हजर असावा.