रिकाम्या चौकटीचा अर्थ

तुमच्या घरी कोणीतरी मराठी मंडळाचं काम करत असेल. आई, बाबा, नाहीतर शेजारचे काका. म्हणजे मंडळाची स्प्रेडशीट तुम्ही पाहिली असेल: नावं, फोन नंबर, जेवायला किती माणसं, पैसे भरले की नाही. आणि शीटमध्ये काही अडलं की हाक कोणाला मारतात? तुम्हालाच. म्हणून हे तुम्हाला सांगते आहे.

मी इंग्लंडमध्ये राहते. आमच्या मंडळाची यादी गूगल शीट्समध्ये आहे आणि तिला एक छोटी स्क्रिप्ट जोडलेली आहे. ज्या ओळीत 'पैसे' ही चौकट रिकामी असेल, त्या माणसाला ती आठवणीची ई-मेल पाठवते. स्क्रिप्टबरोबर दोनच वाक्यं लिहिली होती: "पैसे न भरलेल्यांना आठवण पाठवते. वापरायला एकदम सोपी!" ती वाक्यं माझीच.

गेल्या दिवाळीत आम्ही हे काम एका एआय एजंटला दिलं. एजंट म्हणजे नुसती उत्तरं देणारा नव्हे, तर स्वतः फाइल उघडून, स्क्रिप्ट चालवून काम करणारा प्रोग्रॅम. त्याने स्क्रिप्ट सुरू केली. प्रत्येक मेलला त्या-त्या नावाची पीडीएफ जोडायची होती, म्हणून वेळ लागला. गूगल अशी स्क्रिप्ट एका वेळी सहा मिनिटांपेक्षा जास्त चालू देत नाही, त्यामुळे ती मध्येच थांबली. एजंटने ती पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवली. मग आणखी एकदा. यादीत वर ज्यांची नावं होती, त्यांना तीच मेल तीन वेळा गेली.

त्यांत एक काकू होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी पैसे रोख दिले होते, खजिनदारांच्या हातात. शीटमध्ये लिहायचं राहून गेलं होतं. काकू भांडल्या नाहीत, फोनही केला नाही. फक्त दिवाळीच्या कार्यक्रमाला आल्या नाहीत. मला कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. चहा दिला त्यांनी. मग म्हणाल्या, "अगं, तीन-तीनदा? आधी एकदा विचारायचं तरी."

माणसाने विचारलं असतं. नवा कार्यकर्ता असता, तर त्याने खजिनदारांना फोन करून "ही चौकट रिकामी का?" असं विचारलं असतं. एजंटही विचारू शकतो, पण इथे काही विचारण्यासारखं आहे हे त्याला कळायला हवं ना! मी लिहिलेल्या दोन वाक्यांतून ते कळत नव्हतं.

माझा एक मित्र म्हणतो, "एजंटसाठी वेगळं कशाला लिहायचं? तो कोड वाचतो की." अर्धं खरं आहे. गूगलच्या स्क्रिप्टमध्ये 'गेटरेंज' असं लिहून चार आकडे दिले, तर तिसरा आकडा शेवटच्या ओळीचा नसतो. किती ओळी घ्यायच्या, ते तो सांगतो. माणसं इथे हमखास चुकतात, एजंट सहसा नाही. पण रिकाम्या चौकटीचा अर्थ 'पैसे दिले नाहीत' की 'अजून लिहिलं नाही', हे कोणत्या कोडमध्ये असतं? ते खजिनदारांच्या डोक्यात असतं. माझ्या मते लिहून ठेवायचं ते हेच: जे कोडमध्ये दिसत नाही ते.

तारखांचंही तसंच. मराठीत आपण 'परवा' म्हणतो. परवा गेलो आणि परवा जाणार. क्रियापदावरून कळतं की दिवस मागचा आहे की पुढचा. स्प्रेडशीटमधल्या तारखेला क्रियापद नसतं. ०३/०४ म्हणजे अमेरिकेत ४ मार्च, आणि ब्रिटनमध्ये किंवा भारतात ३ एप्रिल. शीट तुम्हाला न विचारता एक अर्थ धरून पुढे जाते. या सवयीने शास्त्रज्ञही इतके वैतागले, की २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावंच बदलली. 'मार्च१' नावाच्या जनुकाला एक्सेल तारीख समजत होतं. आता ते 'मार्चएफ१' आहे. आपल्याला काकूंचं नाव बदलायचं नाही. एक ओळ लिहिली की झालं.

मग मी ते टिपण पुन्हा लिहिलं. 'एकदम सोपी' काढून टाकलं. ते वाचून कोणालाच काही कळत नाही, ना माणसाला ना मशीनला. आता तिथे असं आहे:

"ही स्क्रिप्ट खऱ्या माणसांना मेल पाठवते. गेलेली मेल परत घेता येत नाही. स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर त्याच लोकांना मेल पुन्हा जाते. मध्येच थांबली, तर परत सुरू करू नका. कोणाकोणाला मेल गेली ते आधी बघा. 'पैसे' रिकामं असेल, तर रोख रक्कम लिहायची राहिलेली असू शकते. पाठवण्याआधी यादी खजिनदारांना दाखवा. तारखा दिवस, महिना, वर्ष अशा आहेत."

शैली काही खास नाही. वाक्यं तोडून टाकल्यासारखी वाटतात, आणि आमच्या अध्यक्षांना ती जरा उद्धटही वाटली. असू दे.

शीटमध्ये 'शे.' नावाचा एक रकाना आहे. कोणाच्या नावापुढे १, कोणापुढे २. शेंगदाणे? शेवटची खेप? शेजारी? ज्यांनी तो केला, ते काका आता दुबईला असतात आणि त्यांनाही आठवत नाही. म्हणून टिपणात मी एक ओळ वाढवली: "'शे.' म्हणजे काय, हे आम्हाला माहीत नाही. त्याला हात लावू नका."