गोहरबाईंवरचा आरोप आणि आमची नाट्यसमीक्षा

मराठी नाट्यसमीक्षेला एक जुनी खोड आहे. नटाचा विषय निघाला की ती विश्लेषण थांबवते आणि आख्यायिका सांगू लागते. बालगंधर्व म्हटले की भरजरी शालू, अत्तरे, 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ रोजी, ओढवलेला कन्येचा मृत्यू. आणि शेवटी गोहरबाई कर्नाटकींमुळे झालेली वाताहत. हे कथानक वर्गात सांगितले जाते, उत्तरपत्रिकांतही उतरते. त्यातील शेवटच्या कलमाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

कालक्रम पाहावा. १९१३ साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी १९२१ च्या सुमारासच मोठ्या कर्जात होती. १९३१ साली 'आलम आरा' आला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त राणी झाल्या दुर्गा खोटे आणि त्यांच्यासमोर राजा होते गोविंदराव टेंबे, म्हणजे गंधर्व मंडळीचेच एके काळचे भागीदार. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'ने रंगभूमीवरही स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे सोपवल्या. कॅमेऱ्यापुढे स्त्रीपार्टाची संकेतव्यवस्था टिकणारी नव्हती. म्हणूनच 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त (१९३५) बालगंधर्व एकनाथ झाले, आणि प्रभातशी असलेला त्यांचा संबंध त्या एका चित्रपटावरच थांबला. गोहरबाई मंडळीत आल्या १९३८ साली. जे आधीच ढासळले होते, ते त्यांनी पाडले कसे?

त्यांच्या येण्याने जवळची माणसे दुरावली, हे आम्ही नाकारत नाही. पण घरातील कलह हे एका नाट्ययुगाच्या अंताचे कारण होऊ शकत नाही. नारायण राजहंसांना गाण्याचे आरंभीचे धडे जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे मिळाले. खानदेश हे अभिमानाने सांगतो. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नावही आहे. आरंभीचा मुसलमान गुरू भूषणावह आणि उत्तरायुष्यातील मुसलमान गायिका मात्र अपशकुनी, हा न्याय कोणता?

या दंतकथेने केलेले दुसरे नुकसान वाङ्मयीन आहे. 'एकच प्याला' आपण गडकऱ्यांची संहिता म्हणून शिकवतो. परंतु गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर, आणि त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. प्रेक्षकांच्या मनात ठसलेली सिंधू ही गडकऱ्यांचे गद्य, गुर्जरांची पदे आणि बालगंधर्वांचा गळा या तिघांची निर्मिती होती. नट वगळून केलेले तिचे 'व्यक्तिचित्रण' अपुरे राहते. तीच गोष्ट खाडिलकरांच्या भामिनीची आणि रुक्मिणीची. संगीत नाटक हे केवळ वाचायचे वाङ्मय नाही, हे पाठ्यक्रमाने मान्य करायला हवे.

१९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ साली पद्मभूषण, १५ जुलै १९६७ रोजी निधन, पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर: गौरवात उणीव राहिली नाही. उणीव आहे ती अभ्यासात. म्हणून आमचे सहकारी अध्यापकांना सांगणे एवढेच की, संहितेशेजारी ध्वनिमुद्रिका ठेवा. विद्यार्थ्याला 'वाताहत' हा शब्द लिहू देण्यापूर्वी सनावळी मांडायला लावा. आणि गोहरबाईंचे नाव आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून गायिकांच्या इतिहासात लिहा.