चेहरा आमचा, अन् फी पण आमचीच?

साडेतीन हजार रुपये. आईच्या भिशीचे. चार घरची धुणीभांडी करून साठवलेले. ‘पिक्चरमध्ये काम मिळतंय’ एवढंच मी बोललो. तिनं नोटा काढून दिल्या, मोजल्यासुद्धा नाहीत.

अंधेरीतला एक गाळा. भिंतीवर पोस्टर, टेबलामागे इंग्रजी झाडणारा एक इसम. म्हणाला, ‘इंडिपेंडंट फिल्म आहे, फेस्टिवलला जाणार. तुझा लुक एकदम रिअल आहे.’ मग आडनाव विचारलं. मग रजिस्ट्रेशनचे पैसे. पावती? ‘नंतर.’ महिन्यानं गेलो तर गाळ्याला कुलूप.

नाक्यावर दलालांविरुद्ध भाषणं ठोकणारा मी, दलालानंच कापला! कारण त्यानं मला ‘रिअल’ म्हटलं. पडद्यावर आपला चेहरा दिसत नाही, ही आपली भूक. साले त्याच भुकेवर दुकान चालवतात.

म्हणून दोस्तांनो, लाज गुंडाळून सांगतो. पहिलं बघा, पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात चाललाय. कास्टिंगवाल्याची मजुरी निर्माता देतो, नट नाही. रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ, वर्कशॉप, ड्रेसचं डिपॉझिट... नाव काहीही असो, ऑडिशनला पैसे मागितले की उठायचं. ‘सिन्टा’चं कार्ड काढून देतो म्हणेल. कार्ड पाहिजे तर संघटनेच्या ऑफिसात आपण स्वतः जायचं.

स्वतंत्र सिनेमावाला गरीब असतो, मान्य. ‘पैसे नाहीत, गाडीभाडं अन् जेवण देतो’ असं तोंडावर सांगणारा प्रामाणिक असू शकतो. पण ‘पैसे नाहीत’ वेगळं, अन् ‘पैसे दे’ वेगळं! जो देणार तो काय देणार, किती दिवसांचं काम, सिनेमा कुठं दाखवणार, हे सगळं कागदावर घ्या. सही करायच्या आधी तो कागद घरी आणा, चौघांना दाखवा.

दुसरं, उलटतपासणी घ्या. आधी काय बनवलंय? दाखव. त्यात काम केलेल्या दोघांना आपण शोधून विचारायचं, बाबा, ठरलेलं मिळालं का? निर्माता कोण? नाव कोणत्या निर्माता संघटनेत नोंदवलंय? तिथं फोन आपण करायचा, त्यानं दिलेल्या नंबरवर नाही. मोठ्या नटाचा फोटो पोस्टरवर चिकटवायला खळ पुरते.

पोरींनो, रात्री हॉटेलच्या खोलीत ऑडिशन नसते. सीनचा कागद न देता ‘बोल्ड टेस्ट’ मागणारा दिग्दर्शक नव्हे, शिकारी. सोबत कुणाला तरी न्या. आत येऊ देत नसतील तर तिथूनच परत फिरा. कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ पासून आहे. नोकरीत असा वा नसा, तक्रार करता येते.

अन् तिसरा प्रश्न आपला खास. माझ्या पात्राला नाव आहे का? की मी ‘झोपडपट्टीवाला नंबर दोन’? तो काय बोलतो, की नुसता मार खातो? पैशाचा हिशोब चोख, पण आपल्या दुःखाची जत्रा भरवणारा सिनेमा, त्यावर तरी भरवसा कसा ठेवायचा?

सगळेच चोर नाहीत. ‘कोर्ट’ हा २०१४ चा सिनेमा बघा. लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले, ‘विद्रोही’चे संपादक. सिनेमातले सराईत नट नव्हते. त्या सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं. २०२१ साली कोरोनानं ते गेले, पण पडद्यावर ठेवून गेले एक माणूस, नावासकट, आवाजासकट.

फसलात तर गप्प बसू नका. फोनवरून पैसे भरले असतील तर ताबडतोब १९३० लावा. चारशेवीस आता पुस्तकातून गेलं. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. एकट्याला पोलीस हाकलतील, म्हणून दहा जण मिळून जाऊ. मेसेज, नंबर, पावत्या, सगळं घेऊन.

माझी पावती नाही. माझी अक्कल गेली, ती वस्तीच्या कामी येवो.

आपला चेहरा फुकट नाही, मित्रांनो. अन् तो दाखवायला आपण कुणाला एक पै देणं लागत नाही!