मागवाल्यांचा कौल आणि वेस्टमिन्स्टरची कोंडी

भिवंडीतील साध्या यंत्रमागाचे कूळ लँकेशायरचे. ज्या मागाला पुढे जगभर 'लँकेशायर लूम' हे नाव पडले, तो १८४०च्या दशकात त्या परगण्यातील ब्लॅकबर्न गावी सिद्ध झाला. या मागांच्या कापडाने हिंदुस्थानातील हातमाग मोडीत काढले. काळाचा फेरा असा, की विसाव्या शतकात लँकेशायरचेच माग थंडावले आणि भिवंडीचे खडखडू लागले. २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, असा प्रश्न ब्रिटिश जनतेला विचारण्यात आला, तेव्हा ब्लॅकबर्नच्या ५६ टक्के आणि बर्न्ली या जुन्या विणकरांच्या गावातील ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी 'बाहेर पडा' असे बजावले. शेजारच्या मँचेस्टर शहराने मात्र राहण्याचा कौल दिला. सुताचे भाव आणि विजेचे दर दूर कोणीतरी ठरवतो आणि माग भंगाराच्या भावाने आपल्याला विकावे लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्या भिवंडीकराला बर्न्लीचा राग समजावून सांगण्याची गरज नाही.

देशभरात ५२ विरुद्ध ४८ टक्के असा निकाल लागला. तो निसटता असला तरी स्पष्ट होता. मग साडेतीन वर्षे घोडे अडले कोठे? जनतेला 'जायचे की राहायचे' एवढेच विचारले होते. 'जायचे कोठे' हे कोणी विचारले नव्हते. पंतप्रधान कॅमेरून यांच्या सरकारने तर बाहेर पडण्याचा कौल आल्यास काय करावे, याची तयारीच प्रशासनाला करू दिली नाही. निकाल लागताच ते पायउतार झाले आणि निस्तरण्याचे काम थेरेसा मे यांच्या पदरात आले.

मे यांनी संघाशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. ब्रिटिश सरकारचा एवढा मोठा पराभव कॉमन्स सभागृहाने पाहिला नव्हता. मार्चमध्ये तोच करार आणखी दोनदा पडला. २७ मार्च रोजी सभागृहाने कारभार आपल्या हाती घेऊन आठ पर्याय मतास टाकले, आठही नामंजूर! १ एप्रिलला चार पर्याय आले, तेही गडगडले. प्रत्येक वाटेला नकार देणारे बहुमत होते, कोणत्याही वाटेने चालणारे नव्हते. संसदांची जननी म्हणून मिरवणाऱ्या सभागृहाची ही अवस्था होती. बाहेर पडण्याची २९ मार्चची तारीख आधी एप्रिल, मग ऑक्टोबर आणि अखेर जानेवारी २०२० पर्यंत ढकलावी लागली.

गाठ सर्वांत घट्ट बसली ती आयर्लंडच्या सीमेवर. ही सीमा इंग्रजांनी १९२१ साली आखलेली. १९९८च्या शांतता करारानंतर तिच्यावरील चौक्या उठल्या होत्या. आता ती संघाची सीमा होणार, मग जकात नाकी बसवायची कोठे? रॅडक्लिफ साहेबाने १९४७ साली पंजाब आणि बंगाल अवघ्या पाच आठवड्यांत कापून दिले. आपल्या घरातील सुमारे ५०० किलोमीटरच्या रेषेपाशी मात्र त्याच राष्ट्राचे पाऊल वर्षानुवर्षे अडखळले.

सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित करून पाहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ते कृत्य बेकायदा ठरवले. कोंडी फुटली ती पुन्हा जनतेकडे गेल्यावरच. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांना ३६५ जागा मिळाल्या आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हा वाद तेथे अजून शमलेला नाही. परंतु मतदारांचा कौल नावडता आहे म्हणून तो कुजवत ठेवण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना असू शकत नाही.

भिवंडीशी याचा संबंध केवळ भावनेचा नाही. संघात असताना ब्रिटनला स्वतंत्र व्यापार करार करता येत नव्हता आणि संघाशी २००७ साली सुरू झालेली भारताची बोलणी २०१३ मध्ये थंडावली होती. बाहेर पडलेल्या ब्रिटनशी २०२२ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या व २४ जुलै २०२५ रोजी करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. तयार कपड्यांवरील १२ टक्क्यांपर्यंतचा आयातकर हटवण्याचे त्यात ठरले. बांगलादेशाच्या कपड्यांना ही करमाफी पूर्वीपासूनच होती.

पण भिवंडीच्या साध्या मागांवर निघते ते मुख्यतः कोरे कापड. त्याची रंगाई, छपाई आणि शिलाई मोठ्या प्रमाणात बाहेरगावी होते आणि नफ्याचा मोठा वाटाही तिकडेच जातो. करारातील सवलत येथल्या मागवाल्याच्या हाती पडावी असे वाटत असेल, तर धोटाविरहित मागांसाठी परवडणारे कर्ज, सांडपाण्याच्या व्यवस्थेसह सामायिक प्रक्रिया केंद्र आणि बेभरवशाची नसलेली वीज या तीन गोष्टींचा हिशेब राज्याच्या वस्त्रोद्योग खात्याने आणि मागमालकांच्या संघटनांनी एकत्र बसून मांडला पाहिजे. लंडनमधील दुकानदार भिवंडीसाठी थांबणार नाही.