ती ट्रंक भंगारात देऊ नका

७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान खराब हवामानामुळे मागे वळलं आणि रोहतांग खिंडीच्या परिसरात नाहीसं झालं. आत १०२ जण होते. २००३ मध्ये लाहौलच्या हिमनदीवर गिर्यारोहकांना अवशेष दिसले आणि शोध पुन्हा सुरू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे छप्पन्न वर्षांनी, तिथून आणखी चार मृतदेह हाती आले. त्यांतल्या काहींची ओळख पटली ती अंगावर सापडलेल्या कागदपत्रांमुळे.

छप्पन्न वर्षं बर्फाने ते कागद राखले. आपल्या घरातले कागद आपल्याच्याने राखले जाऊ नयेत?

ज्या घरातला कोणी हवाई दलात होता आणि विमान अपघातात गेला, त्या प्रत्येक घराला माझं हे कळकळीचं विचारणं आहे. युद्धात पडलेल्या जवानाच्या नावाने गावात कमान उभी राहते, चौक होतो, आणि ते व्हायलाच हवं. पण शांततेच्या काळात, रसद आणि माणसं वाहून नेणाऱ्या विमानात गेलेला कॉर्पोरल, सार्जंट, फ्लाइट इंजिनिअर? दोन दिवस बातमी येते, मृतांचा आकडा येतो आणि माणूस त्या आकड्यात विरून जातो. नातवंडांना एवढंच ठाऊक असतं, की आजोबा ‘विमानात गेले’. ते इंजिन फिटर होते की रेडिओवर बसायचे, कुठल्या तळावर होते, सुट्टीवर आले की पहिल्यांदा कुणाकडे जायचे, हे सांगणारं माणूस आता एखादंच उरलेलं असतं.

२२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं. २९ जण होते, त्यांत पुण्याचाही एक तरुण अधिकारी. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, समुद्रात ३,४०० मीटर खोल त्या विमानाचे अवशेष सापडल्याचं जाहीर झालं. इतकी वर्षं त्या घरांजवळ काय होतं? कपाटातला गणवेश, फोटो, जुन्या फोनमधला आवाज. ज्यांना शेवटचं दर्शनही झालं नाही, त्यांच्यासाठी तोच माणूस होता.

कागद केवळ आठवणीसाठी लागतात असंही नाही. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडजवळ मिग-२१ च्या अपघातात गेले. दोष वैमानिकावर आला, तेव्हा त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी तो मुकाट्याने मान्य केला नाही. मुलाच्या नावासाठी आणि मागे राहिलेल्या वैमानिकांच्या सुरक्षेसाठी त्या वर्षानुवर्षे लढल्या. अशा लढाईत तारखा लागतात, पत्रं लागतात, नोंदी लागतात. ज्या घरात काहीच राहिलं नाही, ते घर कशाच्या बळावर बोलणार?

म्हणून दिवाळीची आवराआवर सुरू होण्याआधी माळ्यावरची ती काळी ट्रंक खाली काढा. ५६ एपीओच्या पत्त्याची आंतर्देशीय पत्रं, सर्व्हिसचे कागद, लॉगबुक, तार, मनीऑर्डरच्या पावत्या, काही फेकू नका. फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावू नका; तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही. पत्रं उलगडून, धुतलेल्या सुती कापडात सपाट ठेवा, भिंतीच्या ओलीपासून दूर. कोकणात पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्या, उन्हात नको, शाई उडते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा, ग्रुप फोटोत तर डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचं. तो एक फोटो दुसऱ्या एखाद्या घरातला शेवटचा फोटो असू शकतो. आवाजाची कॅसेट असेल तर ती आधी उतरवून घ्या, कारण टेप कागदाच्याही आधी जाते. सगळ्याचे स्कॅन करून दोन-तीन नातेवाइकांकडे ठेवा. गणवेशाची इस्त्रीची घडी तशीच वर्षानुवर्षे ठेवलीत, तर तो तिथेच विरतो. अधूनमधून घडी बदला.

हे सारं घरच्यांनीच करावं, असं म्हणून बाकीच्यांनी हात झटकू नयेत. पुण्यातलं दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्धस्मारक लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. गावाने मनावर घेतलं तर ग्रामपंचायतीत किंवा शाळेत एका भिंतीपुरती जागा अवघड नाही. शिक्षकांनो, नववीच्या मुलांना प्रकल्प म्हणून हेच द्या: आपल्या तालुक्यातून हवाई दलात कोण गेलं, कोण परत आलं नाही. माजी सैनिकांनो, तुमच्या स्क्वाड्रनमधला, तुमच्या बॅरकमधला जो गेला, त्याच्या घरी एकदा जाऊन या. त्याच्या बायकोने, आईने कधीच न ऐकलेली गोष्ट तुमच्याकडे आहे. तो मेसमध्ये काय बोलायचा, रात्रपाळीत थंडीत विमानाखाली कसा काम करायचा, हे फक्त तुम्हालाच ठाऊक.

ज्या घरात अशा जवानाची पत्नी किंवा बहीण आज ऐंशीच्या घरात आहे, त्यांनी ट्रंकेचीही वाट पाहू नये. याच रविवारी फोन समोर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि अपघाताबद्दल आधी विचारू नका. लग्न कसं ठरलं, भरतीला कोणाबरोबर गेले, पहिला पगार आला तेव्हा घरात काय आणलं, इथून सुरुवात करा. त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका.